भुरका आणि मिठाचं पाणी

डाव्या हाताने मी तिचं नाक दाबलं होतं आणि उजव्या हाताने तांब्या तिच्या तोंडाला लावला होता. तांब्यात मिठाचं पाणी होतं. मूठभर खडेमीठ घाईने ढवळलेलं, निम्मे खडे तळाशी तसेच. ती पाय झाडत होती. बावीस वर्षांची धडधाकट पोरगी आणि मी साठीला टेकलेली, तरी मी तिला आवरली, कारण माझा एक गुडघा तिच्या छातीवर होता. तिने दात आवळले तेव्हा मी उलथन्याचा दांडा दातांत सरकवला.

"पे," मी ओरडत होते, "पे वो पोरी, ओक सारं!"

ती काहीतरी सांगत होती. आधी आमच्या भाषेत, मग तिच्या. तोंडात पाणी असलं की सगळ्या भाषा सारख्याच ऐकू येतात. मग ती पाय झाडायची थांबली. मान एका अंगाला गेली. ओठ राखेच्या रंगाचे झाले. मी तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, ही पण गेली.

हे वलगावला, माझ्याच घरात, मधल्या खोलीत झालं. वेळ भरदुपारची. कौलांतल्या एका काचेतून उन्हाचा तुकडा खाली पडला होता आणि त्यात धूर हळूहळू फिरत होता. तो धूर कशाचा, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

ती सुदान नावाच्या देशातली होती. अकोल्याला शेतकी शिकत होती. शेतकीच्या पोरांना शेवटच्या वर्षी एक हंगाम खेड्यात काढावा लागतो, त्यात तिच्या तुकडीला वलगाव आलं. बाकीच्या पोरींनी अमरावतीला राजापेठेत खोली केली. सकाळी ऑटोने यायच्या, वावरात उभ्या राहून वहीत लिहायच्या, चार वाजता परत जायच्या. ही म्हणाली, मी इथंच राहते. माझा पुतण्या माझं वावर करतो, त्याने तिला माझ्या दारात आणून उभं केलं. घरात मी एकटी होते. राहा म्हटलं.

पहिल्या दिवशी सारी गल्ली तिला बघायला आली. उंच, काळीभोर, डोक्याला पिवळा रुमाल. अर्धा तास लोक उभे होते. मी म्हटलं, "पाहून झालं असन तं जा घरी. तिले भूक लागली असन."

ती कोपऱ्यातल्या पोत्याजवळ गेली. पोत्यात ज्वारी होती. तिने मूठभर ज्वारी काढली, नाकाशी धरली, चार दाणे तोंडात टाकले आणि कितीतरी वेळ चघळत उभी राहिली.

"ये हमारा है," ती म्हणाली.

"तुमचं कायचं वो? माह्या वावरातलं हाये."

ती हसली. तिच्या देशातही ज्वारीच खातात, हे मला मागाहून कळलं. तिची आजी पीठ भिजवून आंबवते आणि तव्यावर कागदासारखं पातळ पसरून काढते. हिने अकोल्याला तीन वर्षं खानावळीची गव्हाची पोळी खाल्ली होती. ज्वारीची भाकर तिने पहिल्यांदा माझ्या चुलीवरची खाल्ली. पाच खाल्ल्या. मी मोजल्या नव्हत्या, तीच बोटं दाखवून सांगत होती.

ते दिवस आठवले की मला आधी पीठ दिसतं. सकाळी दाराच्या फटीतून ऊन यायचं आणि लाकडी काठवटीवरचं पीठ त्यात तरंगायचं. चूल धुपायची. बाहेर म्हैस कान हलवायची, तिच्या गळ्यातली घाटी मधूनच वाजायची. आम्ही दोघी काठवटीच्या दोन बाजूंना बसायचो आणि सकाळ कधी संपली ते कळायचं नाही. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात वेळ असाच जायचा. मधली चाळीस वर्षं कुठे गेली कोण जाणे.

भाकर शिकवायला मला येत नव्हती. मला करता येते, शिकवायला कधी लागली नाही. मी चौथी शिकले, त्यातही भाकर नव्हती. मी म्हटलं, पाहा. ती पाहायची. गरम पाण्यात पीठ भिजवायची, तळहाताच्या टाचेने रगडायची, गोळा करून थापायला घ्यायची. थापताना भाकर आपसूक फिरायला पाहिजे. तिची फिरत नसे. एका बाजूने लांबायची, दुसऱ्या बाजूने फाटायची.

"आज कोनता देश केला वो?" मी विचारायचे.

ती भाकर हातावर घेऊन नीट बघायची. "हा सुदान."

दुसऱ्या दिवशी, "हा इंडिया. हे खाली लंका." आणि तो तुटलेला तुकडा वेगळा भाजायची.

समोरच्या घरात खाला राहायची. मुसलमानांत मावशीला खाला म्हणतात, तिला सारी गल्लीच म्हणे. बांगड्या भरायची, वलगावच्या अर्ध्या बाया तिच्या हातून बांगड्या भरून सासरी गेलेल्या. ती विधवा, मी विधवा, दोघींनाही दुपारी काम नसे. ती येऊन उंबऱ्यावर बसायची आणि पोरीशी हिंदीत बोलायची. एक दिवस बोलता बोलता खाला "साबुन" म्हणाली तर पोरगी उडालीच. तिच्या भाषेतही साबणाला तेच म्हणतात. मग दोघींना खेळ मिळाला. खाला एक शब्द टाकायची, पोरगी कान द्यायची. कलम जुळलं. दुकान जुळलं. किताब, हवा, दुनिया, दवा. जो जुळेल तो पोरगी वहीत लिहायची. वहीत एका बाजूला तिची अक्षरं, उजवीकडून डावीकडे जाणारी, आणि शेजारी आपली अक्षरं, लहान मुलाने काढल्यासारखी. मी ती वही वाचली आहे. "दवा" हा शब्द तिसऱ्या पानावर होता.

बोलायला ती माझ्याकडूनच शिकली, मला माय म्हणायची. राजापेठेतल्या पोरी एकदा वावरात तिला म्हणाल्या, जेवायला चल, तर ही म्हणाली, "मी मायकडं जातो. मले भुरका पाह्यजे." त्या खदखदून हसल्या. त्यातली एक पुण्याकडची होती. ती म्हणाली, "अगं, मुलीने 'जाते' म्हणायचं." हिने येऊन मला विचारलं. मी म्हटलं, "मी काय म्हनतो?" "जातो." "मंग?" तेव्हापासून तिने कोणाला विचारलं नाही.

भुरका म्हणजे काही मोठा पदार्थ नाही. तेल कडकडीत तापवायचं, मोहरी, लसूण, आणि वरून कुटलेली लाल मिरची. भाजी नसली की आम्ही भाकरीशी तेच खातो. त्या वर्षांत भाजी नसायचीच. कपाशीवर अळी होती, पाऊस येई तेव्हा नको तेवढा येई, आणि माणसं दिवसभर दारात बसून राहत. मी ते सारं इथे लिहीत नाही. लिहिणारे पुष्कळ येऊन गेले, वह्या भरून गेले. या पोरीला मात्र भुरक्याचं वेड लागलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हात पुढे, अजून दे.

तो करायला मी तिला देत नसे. भुरक्यात चूक चालत नाही. तेलातून धूर निघाला की कढई खाली उतरवायची, दोन श्वास थांबायचं, मग मिरची टाकायची. चुलीवर असतानाच टाकली तर मिरची जळते आणि त्या ठसक्याने घरात माणूस थांबू शकत नाही. ती रोज म्हणायची, "माय, मी करतो." मी रोज म्हणायचे, "आधी भाकर फिरव."

आता दुसऱ्या दवेचं सांगते.

कपाशीवर जे फवारतात त्याला आमच्याकडे विष कोणी म्हणत नाही. दवा म्हणतात, औषध म्हणतात. आज दवा मारायची आहे, दवा आणली का, दवा संपली. पीक आजारी आहे, त्याला दवा द्यायची, असं साधं आहे. आणि माणसाने ती पोटात घेतली तरी शब्द बदलत नाही. त्याने दवा पेली, एवढंच म्हणतात. कोणती, हे आमच्या गल्लीत विचारत नसत.

ती येण्याच्या तीन वर्षं आधी माझ्या नवऱ्याने दवा पेली. का पेली, ते मला विचारू नका. त्याने मला सांगितलं नाही, आणि मेलेल्या माणसाला मी विचारत बसत नाही. मी त्याला मिठाचं पाणी पाजलं. पुढच्या वर्षी गल्लीच्या टोकाच्या घरातल्या सुनेने पेली. लोक धावत आले, म्हणाले, बुढीले बोलवा, नवऱ्याले पाजलं होतं तिनं, बुढीचा हात पक्का आहे. मी गेले. तिलाही पाजलं. दोघंही अमरावतीला पोचायच्या आत गेले. लोक म्हणाले, उशीर झाला. मीही तेच म्हटलं.

दवेचा डबा माझ्याच मधल्या खोलीत असे. पुतण्या वावरात ठेवायला तयार नव्हता, तिथून चोरी होते. मी तो वर फळीवर ठेवून सुतळीने बांधला होता. पोरीला पहिल्याच दिवशी दाखवला होता. हात लावू नको म्हटलं. ती म्हणाली, मला माहीत आहे, मी तेच शिकते.

त्या दिवशी मी निंदायला वावरात गेले होते. तिचं अंग कसकसत होतं म्हणून ती घरी राहिली. मी दुपारी परत आले, दाराशीच मला ठसका लागला. डोळे झोंबले. नाकाला सगळं कळलं होतं, पण डोक्याला कळलं नाही, कारण आत ती मधल्या खोलीत जमिनीवर पडली होती. कुशीवर, गुडघे पोटाशी. शेजारी उलटी. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. आणि बरोब्बर फळीच्या खाली.

"काय झालं?" मी विचारलं.

तिने डोळे न उघडता सांगितलं, "दवा पेली, माय."

वर पाहायला मला सुचलं नाही. वर पाहिलं असतं तर दिसलं असतं, सुतळीची गाठ जशीच्या तशी होती. मी रांजणाकडे धावले आणि मिठाच्या मडक्यात हात घातला.

पुढचं मी सुरुवातीलाच लिहिलं आहे.

माझं ओरडणं ऐकून खाला आली. उंबऱ्यातच तिला खोकला लागला. पदराने नाक दाबून ती आत आली, मला पाहिलं, पोरीला पाहिलं.

"अरी, ये क्या कर रई तू?"

"दवा पेली तिनं!"

"तो? दवा मैंने दी! खाँसी की दवा!" तिने जमिनीवरून बोटभर बाटली उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरली. "मिरच जलाई इसने, खाँस खाँस के मर रई थी, मैं दे के गई! बुढिया, तूने क्या पिलाया?"

मी तांब्याकडे बोट दाखवलं.

खालाने मला ढकललं. बांगड्या भरून भरून तिच्या हातात जोर होता. तिने पोरीला बाजेवर पालथं टाकलं, डोकं खाली लोंबतं, आणि पाठीत गुद्दे मारायला लागली. एक, दोन, मी मोजत होते, कशाला ते माहीत नाही. कुठेतरी म्हशीची घाटी वाजली. उन्हाचा तुकडा जमिनीवर होता तिथेच होता, त्यात मिठाचे खडे चमकत होते. मला वाटलं की मी हे दुरून पाहते आहे, नदीच्या पलीकडून, आणि मधे खूप पाणी आहे. मग पोरीच्या नाकातोंडातून पाणी आलं आणि तिने श्वास ओढला. त्याचा आवाज रिकाम्या हापशासारखा होता.

जीपमध्ये मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. खाला पायाशी बसली. वलगाव ते अमरावती काही लांब नाही, पण त्या दिवशी रस्त्यावरची सगळी झाडं थांबून थांबून मागे गेली.

दवाखान्यातला डॉक्टर पोरगेलाच होता. त्याचा पांढरा डगला त्याला मोठा होत होता, बाह्या दोनदा दुमडलेल्या. तो म्हणाला, फुप्फुसात पाणी गेलं आहे, दोन-तीन दिवस सांगता येणार नाही. मग मला विचारलं, "आजी, मिठाचं पाणी कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सारेच पाजतात."

"कोणालाच पाजू नका."

"विष पेलेल्याले?"

"त्याला तर मुळीच नाही. शुद्ध गेली की ते छातीत उतरतं. पोटातलं विष राहतं बाजूला, माणूस त्या पाण्यानेच जातो. कुशीवर झोपवायचं आणि तडक इकडे आणायचं. काही पाजायचं नाही."

मी त्याच्या दुमडलेल्या बाह्यांकडे बघत राहिले. त्याला काय माहीत. तो पुढच्या खाटेकडे गेला.

नवऱ्याला मी दोन तांबे पाजले होते. जीपमध्ये चढवेपर्यंत तो खोकत होता. एवढं मला आठवतं आणि एवढंच मी लिहिते.

तीन रात्री मी खाटेखाली लुगड्याचा पदर अंथरून झोपले. झोप येई तेव्हा स्वप्नात पीठ दिसे. पीठ पडत आहे, पडत आहे, काठवट भरत नाही. खाला घरून भाकर आणायची, आम्ही जिन्यात बसून खायचो. ती एकदाही म्हणाली नाही की तू काय केलंस. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या सकाळी पोरीने डोळे उघडले. नाकातोंडावर हवेच्या नळीचं टोपलं होतं, ते तिने हाताने बाजूला केलं.

"माय," ती म्हणाली. आवाज कापडातून आल्यासारखा. "भुरका जळला."

"जळू दे."

"तू वावरातून भुकी येशीन म्हनून केला."

"उतरवली होती कढई?"

तिने मान हलवली. नाही. "उतरव" हा शब्द तिला कळलाच नव्हता. रोज भुरका करताना मी तो म्हणायचे तेव्हा तिला वाटायचं, मी मोहरीचं काही सांगते.

मी तिला सगळं सांगितलं. मला काय वाटलं, मी काय केलं, डॉक्टर काय म्हणाला. नवऱ्याचंही सांगितलं. ते मी आधी कोणाला सांगितलं नव्हतं. ती ऐकत होती. किती कळलं, देव जाणे. मग तिने माझा हात ओढून घेतला आणि तळहाताची टाच दाबून पाहिली, भाकर रगडतात ती जागा. तिथे कातडी जाड असते. ती दाबत राहिली आणि तशीच झोपली.

तिचे सर अकोल्याहून आले आणि तिला घेऊन गेले. त्यात त्यांची काही चूक नव्हती. मीही माझ्या पोरीला असल्या घरात ठेवलं नसतं. पुतण्याने दवेचा डबा उचलून वावरातल्या झोपडीत नेला. चोरी झाली तर झाली.

थंडी पडल्यावर एक दिवस मी पाच किलो पीठ आणि कुटलेली मिरची घेऊन अकोल्याला गेले. तिने जुन्या शहरात खोली घेतली होती, मोर्णा नदीच्या पलीकडे, एका अत्तरवाल्याच्या माडीवर. साऱ्या जिन्याला अत्तराचा वास. मी दारात उभी राहिले तेव्हा मला वाटलं, ती मला आत घेणार नाही. घेतलं नसतं तर मी पीठ ठेवून परत आले असते.

तिने पिशवी उघडली, पीठ नाकाशी धरलं. काठवट नव्हती, परात होती. चूल नव्हती, स्टोव्ह होता. तिने पाणी तापवलं, पीठ रगडलं, गोळा थापायला घेतला. खाली गल्लीत कोणी भंगार विचारत जात होता. तिच्या हाताखाली भाकर थोडी सरकली, थांबली, मग फिरली. फिरतच राहिली. दिव्याखाली ती चंद्रासारखी दिसत होती, असं कोणी म्हणेल. भाकरीसारखीच दिसत होती. तिने ती तव्यावर टाकली.

"आज कोनता देश?" मी विचारलं.

"दुनिया," ती म्हणाली.

"जळून राह्यली दुनिया. उलथव."

तिने उलथली. भाकर फुगली. मग तिने तेल तापवलं. धूर निघाल्यावर तिने कढई खाली उतरवली, माझ्याकडे पाहिलं, दोन श्वास थांबली आणि मिरची टाकली. आम्ही जेवलो. ठसका लागला नाही.

परीक्षा झाल्यावर ती तिच्या देशात गेली. काठवट नेली, माझीच, विमानात कशी नेली मला माहीत नाही. पुतण्याच्या मोबाइलवर तिचा फोन येतो. वर्षातून कधी दोनदा, कधी नाहीच. "माय, जेवली का? मी जेवलो," असं म्हणते. आता तिला पोरं आहेत. खाला पाच वर्षांमागे गेली, म्हातारपणाने.

मिठाचं पाणी मी आयुष्यात तिघांना पाजलं. त्यातली पोरगी जगली. तिने विष पेलं नव्हतं.